बाईवर मारलेला शिक्का नेमका कशाचा आहे हे ओळखायचं कसं

कुणी एखाद्या बाईबद्दल "फारच अ‍ॅग्रेसिव्ह आहे ती" असं म्हटलं की लगेच भांडू नका, आधी मनातल्या मनात दोन अदलाबदली करून बघा. तिच्या जागी तिच्याच वंशाचा पुरुष ठेवा, मग दुसऱ्या वंशाची बाई ठेवा. दोन्ही वेळा शेरा बदलला तर समजा की हा निव्वळ वंशाचा मामला नाही आणि निव्वळ बाई असण्याचाही नाही, दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी झालंय.

अमेरिकेत हे अगदी ढळढळीत दिसतं. तोच राग गोऱ्या बाईला आला तर बिचारी वैतागली असेल, ब्लॅक बाईला आला तर ती भांडकुदळ. आशियाई बाई म्हणजे गप्प आणि नाजूक, आणि बोललीच तर थेट 'ड्रॅगन लेडी' (म्हणजे धूर्त आणि खतरनाक बाई), मधलं काही नाहीच!

कोर्टातसुद्धा हा घोळ झालाय. जनरल मोटर्सने 1964 च्या आधी ब्लॅक बायकांना जवळपास घेतलंच नव्हतं, मग मंदीत 'नवीन आलेले आधी बाहेर' या नियमाने नेमक्या त्याच गेल्या. पाच जणींनी केस केली तर 1976 मध्ये कोर्ट म्हणालं, कंपनीने बायका घेतल्यात की (त्या गोऱ्या होत्या), आणि वंश आणि बाईपण एकत्र करून वेगळा दावा करता येणार नाही. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये इंटरसेक्शनॅलिटीची (वंश आणि बाईपण असे भेदभाव एकमेकांत मिसळून वेगळाच भेदभाव होतो, या विचाराची) मांडणी केली त्यात ही केस होती.

पुढचा प्रश्न विचारायचा, या शिक्क्याचा फायदा कुणाला? मालकाच्या घरात राबणारी हसतमुख ब्लॅक 'मॅमी' दाखवली की गुलामगिरी तितकी वाईट वाटत नाही. चिनी बायका वेश्याव्यवसायासाठीच येतात असं गृहीत धरलं की 1875 च्या पेज कायद्याने त्यांना देशाबाहेर ठेवणं सोपं जातं.

कौतुकालाही हीच टेस्ट लावा, माझ्या मते तिथेच जास्त फसायला होतं. "ब्लॅक बायका कसल्या स्ट्रॉंग असतात" हे ऐकायला छान, पण मग त्यांचं दुखणं कोण मनावर घेणार? 2017 मध्ये बाळंतपणानंतर सेरेना विल्यम्सला फुप्फुसात गुठळ्या झाल्याची शंका आली, तेव्हा स्कॅन करा म्हणून तिलाच हट्ट धरावा लागला, आणि गुठळ्या निघाल्या.

समोरच्याला लेक्चर द्यायची गरज नाही, "तिने नक्की काय केलं ते सांग ना" एवढंच विचारा. बऱ्याचदा सांगण्यासारखं काही निघतच नाही, आणि निघालं तर निदान त्या कृतीवर बोलता येतं.