बँकेत क्लार्कचं प्रमोशन आलं, आता घराचं काय?

सरकारी बँकेत क्लार्क असलेल्या मुलींना ऑफिसर होण्याची संधी आली, की घरूनच पहिला सल्ला मिळतो, "कशाला? बदली होईल." ते खरंच आहे. क्लार्कची बदली साधारणपणे राज्यातल्या राज्यात होते, ऑफिसरला देशभर कुठेही पाठवता येतं. तरीही मी प्रमोशन घेतलं आणि तुम्हीही घ्या असंच सांगेन. बचतगटाच्या बायकांची कर्जाची फाइल तपासून स्वतःच्या शिफारशीने पुढे पाठवायला लागले, तेव्हा मला हे काम मनापासून आवडायला लागलं.

आता घराचं. बदलीबद्दल सगळेच बोलतात, किल्ल्यांबद्दल कुणीच सांगत नाही. तिजोरी दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक हेड कॅशिअरकडे असते, दुसरी ऑफिसरकडे. ती तुमच्या ताब्यात असली, की मुलाला ताप असो वा पावसाने रस्ता बंद असो, ब्रँच उघडण्याआधी पोचावंच लागतं. रजा हवी तर रजिस्टरमध्ये सह्या करून किल्ली दुसऱ्याकडे सोपवावी लागते. संध्याकाळी कॅश टॅली होऊन ती आत गेल्याशिवाय पाय निघत नाही. म्हणून नव्या ब्रँचला रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मॅनेजरांशी बोलून घ्या, अडीअडचणीला किल्ली कोण घेईल? आणि त्या सहकाऱ्याची अडचण असेल तेव्हा त्याने मागायच्या आधी उभ्या राहा. मुलीचं शाळेतलं स्नेहसंमेलन मला अशाच देवाणघेवाणीमुळे बघता आलं.

बदलीचा अर्ज यादी निघायच्या आधी आणि लेखीच द्या. विवाहित महिलांना शक्यतो पतीच्या गावाजवळ, अविवाहितांना आईवडिलांजवळ नेमावं, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 2014 मध्ये सरकारी बँकांना कळवलं आहे. तो काही पक्का हक्क नाही, पण अर्जात उल्लेख जरूर करा. खेड्यातल्या ब्रँचची सेवा कधीतरी करावीच लागते. मूल शाळेत जायच्या आधी ती आटोपली तर उत्तम. मूल दहावीला असताना गाव बदलणं फार जड जातं.

संवेदनशील पदावर, म्हणजे जिथे गैरव्यवहाराचा धोका जास्त अशा कामावर असाल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षातून एकदा, आगाऊ न कळवता, सलग किमान 10 कामाच्या दिवसांची सक्तीची रजा मिळते. त्या काळात कामाच्या यंत्रणेत शिरताच येत नाही. हे दिवस पूर्ण घरचे.

दुसरा आणि चौथा शनिवार 2015 पासून सुट्टीचा आहे, तरी कधी वसुलीसाठी, कधी कॅम्पसाठी बोलावणं येतंच. मार्चअखेरीला मी विनातक्रार जाते, घरीही फेब्रुवारीतच सांगून ठेवते. एरवी मात्र "सोमवारी लवकर येऊन करते," असं स्पष्ट सांगते आणि सोमवारी खरोखर लवकर जाते.