काजार राजवाड्यातल्या बायकांचे जुने फोटो शेअर करताय? या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतोच. जाड भुवया, ओठांवर मिशीची लव, आणि खाली लिहिलेलं, "राजकुमारी काजार, हिच्या नकारामुळे १३ तरुणांनी जीव दिला". आता काजार हे बाईचं नाव नाहीच, ते एकेकाळी इराणवर राज्य केलेल्या घराण्याचं नाव आहे. या पोस्टमध्ये बहुतेक वेळा दोन बहिणींची खिचडी केलेली असते, इस्मत-उद-दौला (जन्म १८५५) आणि ताज-उस-सल्तना (जन्म १८८४). दोघी इराणचा राजा नासिरुद्दीन शहा याच्या मुली पण आया वेगळ्या आणि वयात २९ वर्षांचं अंतर. दोघींची लग्नं दरबाराने लहानपणीच लावून दिलेली, मग हे १३ जण मागणी घालायला आले कधी? आणि त्या मिशीला हसू नका हो, त्या काळी तिकडे ती सुंदर समजली जायची, काही बायका तर काजळीने गडद करायच्या.

दुसरी चूक, "कुणीतरी युरोपियन फोटोग्राफर जनानखान्यात घुसला" असं धरून चालणं. परका पुरुष तिथे जाणार कसा? यातले बरेच फोटो खुद्द शहानेच काढलेत, त्याला कॅमेऱ्याचं वेडच होतं. आपल्या बेगमा, आई, सगळ्यांना समोर बसवायचा आणि अल्बममध्ये स्वतःच्या हाताने खाली टिपणं लिहायचा. हे अल्बम तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहेत. म्हणून फोटो बघताना कॅमेऱ्यामागे नवरा आहे आणि तोच राजा आहे हे डोक्यात ठेवा, मग समोरच्या बाईचं बसणं, बघणं वेगळंच दिसायला लागतं. आखूड घागरा बघून "किती मॉडर्न" म्हणणारे पण असतात, तर तो घरातला वेष होता, बाहेर पडताना चादोर आणि तोंडावर जाळीचा पडदा.

चेहरे गंभीर आहेत म्हणजे बायका दुःखी होत्या असंही लगेच ठरवू नका. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर काढायचे, काही सेकंद हलायचं नाही, आणि काच वाळायच्या आत धुवायची. इतका वेळ हसू टिकवून दाखवा बघू!

तारखेत तर हमखास गोंधळ होतो. खाली १२८२ लिहिलं असेल तर ते हिजरी, म्हणजे इ.स. ६२२ पासून मोजला जाणारा इस्लामी चांद्र सन, आणि लोक सरळ ६२२ मिळवून १९०४ करतात. अहो, शहाचा खून १८९६ मध्येच झाला! चांद्र वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे १२८२ म्हणजे १८६५-६६. ऑनलाइन कन्व्हर्टर वापरा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

शेवटचं, आंतवान सेव्ह्रुगिनचे फोटो. त्याचा तेहरानमध्ये स्टुडिओ होता आणि तिथे मांडणी करून काढलेले बायकांचे फोटो पण "शाही जनानखाना" म्हणून फिरतात. मागे रंगवलेला पडदा दिसला की आधी स्टुडिओचा संशय घ्या.