₹ च्या जागी भलतंच दिसतंय? वेबसाइटवर चिन्हं टाकताना या चुका टाळा

शेवभाजीची प्लेट ९० रुपयांची, अन् गिऱ्हाईक म्हणतंय तुमच्या साइटवर १९० लिहिलंय. जळगावातल्या एका हॉटेलवाल्याचा मला रात्री साडेनऊला फोन, "काय रे भो, भाव तू वाढवले का?" मी म्हटलं अण्णा मी कशाला वाढवू, थांबा बघतो. उघडलं तर पदार्थांची नावं एकदम चकाचक, फक्त ₹ च्या जागी तीन चिन्हं बसलेली: टोपी घातलेला इंग्रजी ए, मग खाली स्वल्पविरामासारखं काहीतरी, आणि मग वर चढलेला बारका ¹. आणि तो ¹ नेमका ९० ला चिकटलेला. मोबाइलवर एवढं बारकाईनं कोण बघतंय, १९०च वाचणार.

झालं असं होतं की ₹ हे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या भाषांची अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, तीन बाइटचं असतं, आणि कोणीतरी ते तीन बाइट एकत्र न वाचता तीन वेगळी जुनी युरोपियन अक्षरं म्हणून वाचले. कोणी? तर आदल्या दिवशीच होस्टिंग बदललं होतं. जुन्या सर्व्हरवर डेटाबेसचं कनेक्शन लॅटिन-१ वर, म्हणजे त्याच जुन्या युरोपियन पद्धतीवर, चालत होतं, लिहितानाही चूक, वाचतानाही तीच चूक, त्यामुळे दोन चुका मिळून वर्षभर बरोबर दिसत होतं. नव्या सर्व्हरनं वाचताना नियम पाळला आणि बिंग फुटलं. नावं मी पानातच लिहिलेली होती म्हणून ती बचावली, भाव डेटाबेसातून यायचे म्हणून ते बिघडले. मग मी शहाण्यासारखं बॅकअप न घेता सगळ्या टेबलवर दुरुस्ती फिरवली, आणि त्या दिवशी नव्यानं भरलेल्या दोन-चार चांगल्या नोंदी होत्या त्याही बिघडवून ठेवल्या.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, की नेमका कोणत्या प्रकारचा कचरा दिसतोय ते न बघताच लोक फॉन्ट बदलायला नाहीतर कोड उपसायला बसतात. कचरा स्वतःच सांगतो दुखणं कुठंय. पानभर ¤ आणि ¥ सांडल्यासारखं दिसलं, गिऱ्हाईकाच्या भाषेत "चायनीज झालं", तर घाबरू नका, बहुतेक वेळा बाइट शाबूत असतात, फक्त वाचणारा चुकतोय. देवनागरीतली निम्मी अक्षरं ¤ ला जातात, आणि ी, ु, े, ो असल्या मात्रा ¥ ला, म्हणून हा नमुना दुरूनही ओळखू येतो. चौकोन दिसले तर बहुतेक वेळा मजकूर ठीक आहे, फॉन्टमध्ये ते अक्षर नाही. (नुसत्या ळ चा चौकोन झाला तर आमच्याकडे तसं काही बिघडत नाही म्हणा, आम्ही जळगावला जयगावच म्हणतो.) काळ्या चौकटीतलं � आलं तर यूटीएफ-८ म्हणून वाचायला घेतलं पण आत बाइट भलतेच निघाले. आणि साधी प्रश्नचिन्हं आली, ????? अशी, तर बऱ्याचदा मजकूर गेलेला असतो. तिथं सेटिंग कितीही बदला, काही परत येत नाही, कारण सेव्ह होतानाच अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलंय.

या प्रश्नचिन्हांचा कारखाना म्हणजे एक्सेल. रावेरकडच्या एका केळीवाल्यानं भावाची यादी एक्सेलमध्ये करून साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली नुसत्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह केली आणि ती मला पाठवली, सगळं मराठी ????, आकडे तेवढे शिल्लक. सेव्ह करताना खालच्या यादीत "सीएसव्ही यूटीएफ-८" असा वेगळा पर्याय असतो तो निवडायचा, आणि मूळ एक्सेल फाइल उडवायची नाही. त्यानं उडवली नव्हती म्हणून वाचलो. जुन्या नोटपॅडमध्ये एएनएसआय (यूटीएफ-८ च्या आधीची पद्धत) म्हणून सेव्ह केलं तरी हेच होतं.

पानाच्या वरच्या भागात कॅरसेटचा मेटा टॅग (पान कोणत्या पद्धतीनं वाचायचं ते सांगणारी ओळ) टाकायचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो पहिल्या १०२४ बाइटच्या आत हवा, वर मोठमोठ्या कॉमेंटा आणि स्क्रिप्टा टाकून खाली ढकलला तर भरवसा नाही. आणि सर्व्हर हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या आधी ब्राउझरला पाठवलेल्या माहितीत, वेगळं सांगत असेल तर सर्व्हरचंच ऐकलं जातं, तुमच्या टॅगला कोणी विचारत नाही. टॅग बरोबर असून पान बिघडलंय तर आधी हेडर बघा.

आता कोड टाकून चिन्ह आणणारे. ₹ साठी &#8377; लिहितात, © साठी &#169;, काही गैर नाही, पण यातले आकडे इंग्रजीच लागतात. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि &#८३७७; टाइप झालं की ते पानावर जसंच्या तसं छापून येतं, आणि आपल्याला मराठी आकडे इतके सवयीचे की चूक डोळ्याला दिसतच नाही, मी एकदा यात अर्धा तास घालवलाय. दुसरं म्हणजे शेवटचा सेमीकोलन. तो विसरला आणि पुढं लगेच 40 लिहिलं की ब्राउझर &#837740 हा एकच नंबर समजतो, त्या नंबरला कुठलंच अक्षर दिलेलं नाही, मग भावासकट चौकोन. आणि हाच कोड सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या) कंटेंटमध्ये टाकला तर चालत नाही, तिथं उलटी तिरकी रेघ आणि सोळा अंकांच्या पद्धतीतला (हेक्स) नंबर लागतो. खरं सांगू का, फाइल यूटीएफ-८ असेल तर सरळ ₹ टाइप करा, कोडची गरजच नाही. ₹ हे चिन्ह सरकारनं १५ जुलै २०१० ला स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोड (जगातल्या अक्षरांची प्रमाण यादी) ६.० मध्ये आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांमध्येच काय ती अडचण.

गंमत म्हणजे केळ्याचं 🍌 पण त्याच युनिकोड ६.० मध्ये आलं. पण ₹ तीन बाइटचं, केळं चार बाइटचं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ज्याला नुसतं यूटीएफ-८ म्हणायचे त्यात एका अक्षराला तीनच बाइट मावतात. सगळं मराठी तीन बाइटमध्ये बसतं म्हणून वर्षानुवर्षं काही कळत नाही, आणि मग एक दिवस त्याच केळीवाल्यानं लिहिलं "आजचे भाव 🍌 रावेर, यावल, चोपडा" आणि साइटवर आलं नुसतं "आजचे भाव". केळ्यापासून पुढचं सगळं कापलं गेलं, एरर नाही काही नाही. सर्व्हर कडक मोडवर असेल तर निदान एरर तरी येते. टेबल, कॉलम आणि कनेक्शन तिन्ही यूटीएफ-८ एमबी-४ (चार बाइटवालं) करा, दोनच करून भागत नाही.

ऱ्य चं दुखणं तर खास आपलं. शेतकऱ्यांची हे दोन प्रकारे टाइप होतं, एक ऱ नुक्तेवाला वापरून, आणि दुसरं साध्या र ला हलंत देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालून, ज्याचा नंबर 8205. दिसायला सारखं, पण कंप्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द, म्हणून सर्चमध्ये एक टाकला तर दुसरा सापडत नाही. आणि काही प्लगइनं "न दिसणारी अक्षरं साफ करतो" म्हणून तो जोडक काढून टाकतात, मग शेतकर्यांची असा रफार डोक्यावर बसतो आणि लोक म्हणतात लिहिणाऱ्याला मराठी येत नाही. ऱ वालाच प्रकार ठरवून घ्या. प्रेसवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं पत्रक आलं तर ते चिकटवूच नका, आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करा आणि मग हे ऱ्य एकेक करून तपासा, तिथंच जास्त सांडतं.

नवीन साइट चढवली की मी सगळ्यात आधी फॉर्ममध्ये एक ओळ टाकतो: "शेतकऱ्यांची केळी ₹४० डझन & भुसावळला ४५° ऊन 🍌 संपलं". सेव्ह करायची, उघडायची, काही न बदलता परत सेव्ह करायची, परत उघडायची. "संपलं" गायब असेल तर डेटाबेस. आणि पहिल्यांदा & बरोबर दिसला पण दुसऱ्यांदा त्याच्या मागं amp; असं शेपूट लागलं, तर कोड दोनदा एस्केप करतोय (म्हणजे चिन्हाचं कोडात रूपांतर दोनदा होतंय), आणि प्रत्येक सेव्हला ते शेपूट वाढत जाणार.