मॅक्रोमध्ये एफ २२ करण्याआधी कॅमेरा फिरवून बघा

मॅक्रोत, म्हणजे किड्या-फुलांचे अगदी जवळून फोटो काढताना, टाचणीचा (चतुरासारखा बारीक कीटक) फोटो काढला, डोळे लख्ख आले आणि शेपटी पार धुक्यात गेली, असं झालं की बहुतेक जण पहिलं काय करतात तर ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र) एफ २२ वर, म्हणजे अगदी बारीक, नेतात. मीही सुरुवातीला वर्षभर तेच करत होते. ते नका करू, आधी कॅमेरा फिरवा.

हिशोबच तसा आहे. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमीचा सेन्सर) १:१ ला, म्हणजे कीटक आहे तेवढाच सेन्सरवर पडतो तेव्हा, एफ ८ ला डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या खोलीत सगळं शार्प दिसतं ती) मिळते जेमतेम १ मिमी, आणि एफ १६ केलं तरी २ मिमीच्या आसपास. टाचणी तीन-चार सेंटीमीटर लांब, तिरकी धरली तर ती त्यात मावणार कशी? पण तीच बाजूने घेतली, सेन्सर तिच्या अंगाला अगदी समांतर ठेवला, तर डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी तेवढ्याच पट्ट्यात बसते. पंख मिटून बसलेल्या फुलपाखराचंही तेच. समोरूनच घ्यायचा असेल तर मग डोळे शार्प ठेवा आणि बाकीचं सोडून द्या, वाईट दिसत नाही.

एफ २२ का नको, तर मॅक्रोत जवळ गेलं की लेन्स आधीच प्रकाश खाते, १:१ ला साधारण दोन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). म्हणजे तुम्ही एफ ८ ठेवलं तरी काम एफ १६ सारखं होतं आणि एफ २२ चं तर ४४ च्या घरात जातं, मग डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळाच फोटो मऊ पडतो. (निकॉनवर जवळ फोकस करताना एफ नंबर आपोआप वाढलेला दिसतो तो याचमुळे, बिघाड नाही तो.) मी एफ ८ ते ११ मध्येच राहते, फारच गरज पडली तर १६.

आणि एक सोपी गोष्ट जी कुणी सांगत नाही, थोडं मागे सरका! १:२ ला (कीटक सेन्सरवर अर्ध्या आकाराचा) त्याच एफ ८ वर जवळजवळ ३ मिमी मिळते, म्हणजे तिप्पट. नंतर क्रॉप करा, आजकाल मेगापिक्सेल भरपूर असतात.

आता लेन्स. ६० मिमी घेतली तर डेप्थ जास्त मिळेल असं खूप जणांना वाटतं, पण मॅग्निफिकेशन (कीटक सेन्सरवर किती मोठा पडतो ते) आणि ॲपर्चर तेच असेल तर जवळजवळ काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो अंतरात, १०० मिमीने चौदा-पंधरा सेंटीमीटर लांबून १:१ मिळतं, ६० ला लेन्स किड्याच्या नाकावर न्यावी लागते आणि तो उडून जातो, शिवाय आपलीच सावली पडते ते वेगळंच. बजेट नसेल तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी) घ्या, ५० मिमीच्या लेन्सला २५ मिमीची ट्यूब लावली की मॅग्निफिकेशन ०.५ ने, म्हणजे १:२ इतकं, वाढतं, २५ भागिले ५० असा साधा भागाकार आहे. फक्त कॉन्टॅक्टवाली (कॅमेरा आणि लेन्स विजेने जोडणाऱ्या पिना असलेली) घ्या, अगदी स्वस्तवाल्यांत कॉन्टॅक्ट नसतात आणि मग आजकालच्या बहुतेक लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यावरून बदलताच येत नाही, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप तेच हातातून गेलं.

फोकस मॅन्युअलवर लॉक करा, कोपर गुडघ्यावर टेकवा आणि रिंग न फिरवता स्वतःच हळूहळू पुढेमागे व्हा, डोळा शार्प दिसला की शटर, तीन-चार फ्रेम सलग. प्रकाश कमी पडतोच, त्यामुळे फ्लॅश आणि पुढे मोठा डिफ्यूझर (प्रकाश मऊ करणारा पडदा) हवाच.

स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडा थोडा पुढे नेत काढलेले फोटो जोडून एक करणं, फक्त न हलणाऱ्या गोष्टींसाठी. कासच्या पठारावर गवती दवबिंदूचे (ही किडे खाणारी वनस्पती) चिकट थेंब मी असेच काढले, १:१ ला एफ ५.६, दर फ्रेमला अर्धा मिमी पुढे, नंतर सॉफ्टवेअरमध्ये जोडले. पायरी डेप्थपेक्षा लहानच ठेवायची, नाहीतर मध्येमध्ये धूसर पट्टे येतात. वारा अडवायला छत्री धरा. पण फुलांवर आडवं पडून फोटो काढू नका हो, एका फ्रेमपायी शंभर रोपं चिरडलेली बघवत नाहीत, पायवाटेवरून जे मिळेल ते घ्या.

पावसात ट्यूब बदलताना बॉडीचं तोंड खाली ठेवा आणि घरी आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत ठेवून झोपू नका. माझ्या एका लेन्समध्ये एकाच पावसाळ्यात बुरशी धरली, आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. तेव्हापासून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा हायग्रोमीटर, आर्द्रता ४० ते ५० टक्के. काटा ६० कडे सरकला की जेल बदलते.