अडलेली कथा अशी सुटली
दिवाळी अंकासाठीची कथा तीन आठवडे एकाच वाक्यावर अडली होती, सुमन एसटी स्टँडवर उतरते आणि पुढे काहीच नाही, रोज लॅपटॉप उघडायचा, ते वाक्य खोडायचं, परत तेच लिहायचं, जाम वैताग आलेला. शेवटी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि आईला सांगतो तशी गोष्ट बोलत सुटलो. बोलता बोलता तोंडातून निघालं, "तिला घरी जायचंच नाहीये गं." तिथेच कळलं, मीच तिला ओढून घरी नेत होतो! मग तिला स्टँडवरच बसवलं, मांडीवर पिशवी, हातात कटिंग, वर गाड्यांची अनाउन्समेंट. त्या रात्री सलग 900 शब्द झाले. आता अडलं की आधी बोलतो, टायपिंग नंतर. रेकॉर्डिंग मात्र पूर्ण ऐका, माझं ते वाक्य अकराव्या मिनिटाला होतं.