सांताचे बूट आधी बघा

सत्राच्या शेवटच्या दिवशीच नाताळाचा कार्यक्रम ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. त्या दिवशी निम्मी मुलं मनाने सुट्टीवर गेलेली असतात, दोन-चार तर खरोखरच गेलेली असतात आणि नेमकी येशूजन्माच्या नाटुकल्यातली मरीया, म्हणजे येशूची आई, त्यांच्यातच निघते. नाटुकलं दोन दिवस आधी, वर्गातली पार्टी आदल्या दिवशी आणि शेवटचा दिवस निव्वळ आवराआवरीला, असा हिशेब मी आता पक्का केलाय. तारीख ठरली की त्याच दिवशी हॉल आपल्या वर्गाच्या नावावर लिहून घ्या. रंगीत तालमीचा तासही तेव्हाच. नंतर विचारायला गेलं की तिथे नेमकी कुणाची तरी चाचणी चालू असते.

मग पालकांना चिठ्ठी, तीन आठवडे आधी आणि एकच. चार चिठ्ठ्या काढल्या तर चौथी दप्तराच्या तळाशी चुरगळलेली सापडते, एप्रिलमध्ये. वेळ, पोशाख, खाऊ आणणार का, कशाची ॲलर्जी आहे, फोटो काढले तर चालतील का, सगळं तिच्यातच विचारा. आणखी एक प्रश्न हवाच: तुमचं मूल या कार्यक्रमात भाग घेणार ना? काही घरांत नाताळ साजरा करत नाहीत. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक तर ख्रिस्ती असूनही करत नाहीत. अशा मुलाला त्या दिवशी कोपऱ्यात चित्र रंगवत बसवणं मला पटत नाही. आधी पालकांशी बोला, ते म्हणतील तसं करा आणि त्या वेळेत त्याला करण्याजोगं खरंखुरं काम हाताशी ठेवा.

आता पात्रवाटप. इथे सगळ्यात जास्त रडारड होते, आणि सुटकाही मूळ कथेतच आहे. मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तीन होते असं आपण धरून चालतो, पण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांचा आकडाच नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन, म्हणून माणसंही तीन, एवढंच. तेव्हा पाच मागी करायला हरकत कुणाची? लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आहेत, पण किती ते सांगितलेलं नाही; देवदूतांची तर फौजच आहे. ‘जागा नाही’ म्हणणारा धर्मशाळेचा मालक दोघांकडेही नाही, गव्हाणीपाशी बैल आणि गाढवही नाहीत. पण ती परंपरा जुनी आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोमध्ये गव्हाणीचा देखावा मांडला, तेव्हा खरेखुरे बैल आणि गाढव आणले होते. आपल्याला कागदी मुखवट्यांवर भागतं. मरीयेचं नाव मात्र चिठ्ठी टाकून काढा, आणि सगळ्यांसमोर. बाईंनी निवडली म्हटलं की संपलं.

संवाद एकेका मुलाला एकच वाक्य, तेही एका श्वासात म्हणता येईल एवढं. गोष्ट सांगायला वरच्या वर्गातली दोन मुलं घ्या. एक जण आजारी पडलाच तर दुसऱ्याला सगळं येत असावं. नाटुकलं पंचवीस मिनिटांच्या वर गेलं तर पुढच्या रांगेतली धाकटी भावंडं स्वतःचं नाटक सुरू करतात.

पोशाख घालून हालचाल एकदा तरी करून बघा. हँगरच्या तारेचे पंख मी एका वर्षी फार हौसेने केले होते. वर्गात सुंदर दिसले. ऐन वेळी पहिला देवदूत हॉलच्या दारात अडकला, मागचे सहा त्याच्यावर आदळले आणि मंचावर एका पंखाचा देवदूत उभा राहिला. आता पंख पुठ्ठ्याचे, खांद्याच्या रुंदीएवढेच. मेंढ्यांना कापूस चिकटवायचा असेल आणि देखाव्यात मेणबत्त्याही असतील, तर दोन्हींपैकी एक काढा, मेणबत्त्याच काढा. सेलवरचे दिवे मिळतात, पण सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे ना हे प्रत्येक दिवा उलटा करून बघा. बटणाएवढा चपटा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. दिवा नुसता झाकणाचा असेल तर परत द्या. सजावटीत फुगे नकोत असं माझं मत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो आणि आवाजाने अर्धा वर्ग दचकतो, तो वेगळाच.

दचकण्यावरून आठवलं. गोंगाट सहन न होणारं मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात असतं. त्याला रिकामा हॉल आदल्या दिवशी दाखवून आणा, दाराजवळची जागा द्या, आणि बाहेर कुठे जाऊन बसायचं आणि सोबत कोण असेल ते त्याला नावानिशी सांगून ठेवा.

खाऊची यादी छोटी असू दे. घरून आलेल्या डब्यात काय काय पडलंय ते कुणाला कळत नाही, म्हणून वेष्टनावर घटक छापलेला खाऊच घ्या आणि ती वेष्टनं पार्टी संपेपर्यंत फेकू नका. द्राक्षं आणलीत तर उभी चिरा. अख्खं द्राक्ष लहान घशात बुचासारखं बसतं. ॲलर्जीच्या मुलाचं औषध कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद नको, खाऊच्या टेबलाशी बसलेल्या शिक्षकाच्या हाताशी हवं.

आणि सांता. दाढी, टोपी, पोतं सगळं जमतं. विसरतात ते बूट. आमच्याकडे एकदा पहिलीतली मुलगी सांताच्या पायांकडे बघून शांतपणे म्हणाली, “सर, तुमची नाडी सुटलीय.” तेव्हापासून सांता रोज त्या वर्गावर नसणारा कुणीतरी, बूट उसने, आणि बोलणं जेमतेम. भेटी मुलांना एकमेकांसाठी आणायला लावू नका. कुणी महागाचं आणतं, कुणी विसरतं, आणि दोघांचेही चेहरे बघवत नाहीत. सगळ्यांना एकसारखी वस्तू, नावं हजेरीपटावरून लिहिलेली, आणि तीन पुड्या बिननावाच्या जास्तीच्या. नवीन आलेलं मूल, पाहुणं आलेलं भावंड, फाटलेली पुडी. तिन्ही उपयोगी पडतात.

कार्यक्रमाच्या दिवशी मंचाच्या मागे एक खोका ठेवा: सेफ्टी पिना, चिकटपट्टी, टिश्यू, पाण्याच्या बाटल्या, जादा चड्डी, माइकचे नवे सेल. पोशाख चढवायच्या आधी सगळ्यांना लघवीला नेऊन आणा, नंतर नाही. शेपटीवाल्या गाढवाला तिथे मदत करणं फार कठीण असतं.

शेवटच्या दिवसासाठी मोठ्या कागदी पिशव्या, प्रत्येकीवर नाव. चित्रं, कार्डं, टोप्या, डबे, बिनमालकाचे स्वेटर दुपारच्या आत घरी रवाना. झाडावरचे दिवे प्लगमधून काढा. खिडकीतल्या कुंडीला पाणी घाला, माशांना सुट्टीत कोण खायला घालणार ते ठरवा. आणि गव्हाणीतली बाहुली ज्या मुलीची आहे तिला आठवणीने परत करा. ती मागायला लाजते, मग सुट्टीभर घरी तिची आई ऐकत बसते.