जाग आली, पण अंग हलेना: तेव्हा या चुका टाळा

पहाटेची साखरझोप. डोळे उघडतात. पंखा दिसतो, खुंटीवरचा शर्ट दिसतो, पलीकडच्या खाटेवर मित्र घोरतोय तेही ऐकू येतं. उठायला जावं तर हात हलत नाही. हाक मारावी तर घशातून आवाज फुटत नाही. आणि दाराशी कुणीतरी उभं आहे, याची पक्की खात्री.

हॉस्टेलात, परीक्षेच्या दिवसांत, मला हे दोन महिन्यांत चारदा झालं. सुरुवातीला मी जे जे केलं ते उलटंच पडलं. डॉक्टर याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. २०११ साली ३५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा सर्वसाधारण लोकांत सुमारे ८ टक्के आणि विद्यार्थ्यांत सुमारे २८ टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेला दिसला. म्हणजे वर्गात चाळीस मुलं असली तर दहा-अकरा जणांना. कुणी बोलत नाही इतकंच.

आधी घडतं काय ते बघू. झोपेत साधारण दर दीड तासाने एक टप्पा येतो, त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. हा रेम टप्पा १९५३ मध्ये शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी टिपला. पुढे फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांना मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की या टप्प्यात शरीराचे स्नायू पार सैल पडतात. मेंदूच्या बुंध्यातला ठरावीक भाग निकामी केला, तर झोपलेलं मांजर उठून हवेतल्या शिकारीवर झडप घालायचं. थोडक्यात, स्वप्नात आपण पळतो पण खाटेवरून पडत नाही, ते या कुलपामुळे. कधीकधी मन आधी जागं होतं आणि कुलूप उघडायला उशीर होतो. तो उशीर काही सेकंदांचा, फार तर दोन-चार मिनिटांचा.

जोर लावू नका

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. माणूस सगळी ताकद एकवटून उठून बसायला बघतो. कुलूप ताकदीने तुटत नाही. उठायचा प्रयत्न फसला की भीती वाढते, आणि भीतीबरोबर छातीवरचं ओझं.

ते ओझं खरंच जाणवतं, कल्पना नव्हे. रेम झोपेत श्वासाचं काम जवळजवळ एकट्या श्वासपटलावर असतं, बरगड्यांमधले स्नायू सैल असतात. अशा वेळी मुद्दाम छाती भरून श्वास घ्यायला गेलात तर तो मिळत नाही आणि वाटतं, गळा दाबला जातोय. म्हणून मोठा श्वास घ्यायचाच नाही. जो आपोआप चाललाय, उथळ, लहान, तो चालू द्यायचा. डोळ्यांचे स्नायू या कुलपातून सुटलेले असतात, तेव्हा नजर सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मग सगळा जीव पायाच्या अंगठ्यात किंवा एका करंगळीत आणा. मला अंगठा लागू पडला. कुणाला जीभ हलवून सुटका होते. आणि मनात एवढंच: ‘हे संपतं. आजवर दर वेळी संपलंय.’

‘बाहेरचं काहीतरी आहे’ आणि ‘काही नाही, स्वप्न पडलं असेल’

या दोन्ही चुका घरच्यांच्या. पहिलीत दृष्ट काढली जाते, अंगारा लागतो, एखादा भगत गाठला जातो आणि पोर दुप्पट घाबरतं. आता रात्र आली की ते झोपायलाच भितं, जागरण होतं, आणि जागरणाने हा त्रास वाढतो. दुसरीत माणसाला खोटं पाडलं जातं. पण खोली खरी होती, पंखा खरा होता, डोळे उघडे होते. फक्त त्यावर स्वप्नाचा एक थर चढलेला होता, आणि मेंदू धोका हुंगायच्या तयारीत असल्याने त्या थरात चोर, सावली, छातीवर बसलेलं कुणी असंच काही उमटतं. काहींना मात्र अंग तरंगल्यासारखं वाटतं.

जपानात याला कानाशिबारी म्हणतात, म्हणजे धातूने जखडून टाकणं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी येऊन बसते. हेन्री फ्युझेलीने १७८१ साली काढलेल्या चित्रात उताण्या पडलेल्या बाईच्या छातीवर एक कुरूप प्राणी ठाण मांडून बसलाय. बसणारा प्रत्येक गावात वेगळा, पण बसतो सगळीकडे छातीवरच.

त्या चित्रातली बाई उताणी आहे, हे विसरू नका. उताणं झोपल्यावर हा प्रकार जास्त होतो, असं पुन्हापुन्हा दिसलंय. ‘छातीवर हात ठेवून झोपू नकोस, वाईट स्वप्नं पडतात’ असं आजी म्हणायची तेव्हा मी हसायचो. कारण काहीही असो, हात काढायला कूस वळवावी लागायची आणि काम होऊन जायचं.

सुटका झाल्यावर तिथेच पडून राहू नका

‘हुश्श’ म्हणून त्याच कुशीवर डोळे मिटले की पाच मिनिटांत परत तेच. मेंदू रेमच्या उंबरठ्यावरच असतो. उठा, दिवा लावा, घोटभर पाणी प्या, खोलीभर चाला. मग कुशीवर झोपा. अलार्म पुढे ढकलत पहाटे अर्धा तास झोप-जाग, झोप-जाग करणं हेही त्यातलंच, कारण रेमचा मोठा वाटा पहाटेकडे असतो.

आठवडाभर चार-पाच तास झोपून रविवारी दुपारी जेवणानंतर ताणून देणं, रात्रपाळीचे बदलते आठवडे, झोप लागावी म्हणून घेतलेली दारू (ती रेम आधी दाबते आणि उत्तररात्री तो उसळून येतो) हे सगळं याला आमंत्रण. रोज उठायची वेळ एकच ठेवा. झोपायची नंतर जुळते. आणि हो, स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळावं म्हणून पहाटे मुद्दाम उठून परत झोपायचे प्रयोग सध्या मुलं करतात. ज्याला हा त्रास आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

सगळंच याच खात्यात टाकू नका

लहान मूल पहिल्या झोपेत किंचाळून उठतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही, तो वेगळा प्रकार. झोपेत लाथा मारणारा, ओरडणारा म्हातारा माणूस म्हणजे नेमकं उलटं, त्याचं कुलूप लागतच नाही. त्याला मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. दिवसा आवरेनाशी झोप येत असेल, खळखळून हसताना गुडघ्यांतून बळ जात असेल, तर नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराची तपासणी हवी. जोरात घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं हेही सांगायला हवं. पूर्ण जाग येऊनही एक हात, एक पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळीच राहिली, तर वाट न पाहता थेट हॉस्पिटल.

कुणी शेजारी झोपत असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. स्पर्शाने किंवा हाकेने हे कुलूप बऱ्याचदा पटकन सुटतं. खोलीतल्या मित्राशी माझं ठरलं होतं: माझा श्वास नाकातून जोरजोरात ऐकू आला की त्याने खांदा हलवायचा. चौथ्या वेळी त्याने हलवला, आणि ‘झालं का?’ विचारून परत घोरायला लागला.